दुखायचं थांबलं तेव्हा

आधीच सांगून ठेवतो: खाली येणारा मुलगा कल्पनेतला आहे. त्याचं गाव, घर, भगत, दवाखाना, मुक्कामाची एस.टी. हेही तसंच. घड्याळ मात्र खरं आहे. लाल विंचू चावल्यावर शरीरात काय घडतं आणि कोणत्या क्रमानं घडतं, हे महाड तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून लिहून काढलं, तेव्हा हे घड्याळ आपल्या हाती आलं. त्याआधी लोकांना डंख ठाऊक होता आणि मरण ठाऊक होतं. मधल्या तासांचा हिशेब कुणाकडे नव्हता.

काळ १९७० नंतरचा, दशक अर्ध्यावर आलेलं. मे महिन्याची अखेर. मुलगा नऊ वर्षांचा, वजन बावीस किलो. वजन सांगितलं ते कारणानं. विंचू मोठ्या माणसाला जेवढं विष टोचतो तेवढंच पोरालाही टोचतो. ते पसरायला शरीर मात्र बावीस किलोंचंच मिळतं.

रात्री ८.४० (उरले ९ तास)

आगोटीचे दिवस. पावसाआधी लाकूडफाटा पडवीत रचून ठेवायचा, पेंढा भरायचा, कौलं चाळायची. दिवसभर हलवाहलव झालेली असते आणि जांभ्याच्या फटीत, सालीखाली, पेंढ्यात निवांत पडलेले सगळे जीव जागा शोधत फिरू लागतात. आईनं सांगितलं, चुलीपाशी दोन फाटी आणून टाक. पोरानं अंधारातच हात घातला.

लाल विंचू दिसायला काही भयंकर नसतो. बोटाएवढा, तांबूस-पिवळट, नांग्या बारीक. कोकणातला मोठा काळा विंचू बघितला तर छाती धडधडते. तो चावला की माणूस बोंबलतो आणि बहुधा सकाळी कामाला जातो. जीव घेतो तो हा किरकोळ दिसणारा लाल. आमची आजी निजण्याआधी घोंगडी तीनदा झटकायची आणि चपला उलट्या करून आपटल्याशिवाय पायात घालू द्यायची नाही. आम्ही हसायचो. लाल विंचवाची सगळी माहिती त्या आपटण्यात होती, हे मला फार उशिरा कळलं.

८.४५

कळ बोटातून मनगटात, मनगटातून कोपरात, काखेपर्यंत. बोटावर टिचकी मारली तरी पोर हात हिसकावून घेतंय. बोट बघितलं तर काही नाही. सूज नाही, निळेपणा नाही, टोचल्याची खूणही धड सापडत नाही.

या नसलेल्या खुणेनंच पुष्कळांना फसवलं. घोणस चावली की हात सुजून काळानिळा होतो. तिच्या विषात मांस कुरतडणारे घटक असतात. लाल विंचवाच्या विषाला मांसाशी देणंघेणं नाही. ती लहान लहान प्रथिनं आहेत आणि त्यांचं काम एकच: मज्जातंतूंच्या पडद्यावरची सोडियमची दारं उघडी ठेवायची आणि पोटॅशियमची काही दारं बंद करायची. तंतूतून संदेश गेला की दार मिटावं आणि तंतू क्षणभर गप्प व्हावा, ही रोजची रीत. ते दार मिटतच नाही. तंतू एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन नावाचा घटक वेगळा काढला गेला. पोटॅशियमचं एक विशिष्ट दार बंद करण्यात तो इतका नेमका आहे की जगभरच्या प्रयोगशाळा तो विकत घेतात. आपल्या पडवीतला जीव किती अचूक काम करतो ते यावरून समजावं.

९.१५ (साडेआठ तास)

भगताला बोलावलं. राख, मंत्र, दंडाला सुतळी. भगताची टिंगल करायचा मोह होतो, पण त्याचं यश खोटं नसतं. विंचू चावलेल्या बहुतेकांना नुसत्या वेदना होतात आणि काही तासांत त्या आपोआप उतरतात. भगत शंभरांतले पुष्कळ बरे करतो, कारण ते बरे होणारच असतात. अडचण उरलेल्यांची. आणि उरलेला कोणता, हे नऊ वाजता बोटाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही.

९.५०

ओकारी. एकदा, मग पुन्हा. तोंडातून लाळ. आणि घाम. उकाड्यात येतो तसला नव्हे. कपाळावरून ओघळ, पाठीखालची गोधडी ओली, आईनं पुसलं की पदर पिळून घ्यावा लागतो. एकनाथांचं विंचवाचं भारूड आध्यात्मिक आहे, त्यातला विंचू कामक्रोधाचा आहे, हे शाळेत शिकवतात. पण डंखानंतर घाम फुटतो आणि जीव कासावीस होतो, हा क्रम नाथांनी अगदी बरोबर टिपला आहे. पैठणच्या त्या माणसानं खरा विंचू चावलेला कुणीतरी जवळून पाहिला असणार, असं मला नेहमी वाटतं.

विषानं आता बोट सोडलं आहे. हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या यांना आपल्या नकळत चालवणाऱ्या ज्या मज्जासंस्था आहेत, त्या दोन्ही एकदम पेटल्या आहेत. त्यातली एक शरीर शांत करणारी, दुसरी लढाईला उभं करणारी. पहिल्या तासा-दीड तासात पहिलीचा जोर दिसतो: ओकारी, लाळ, घाम, कधी मंद नाडी. दुसरी मागून येते आणि मुक्कामाला राहते.

११.०० (पावणेसात तास)

पोर रडायचं थांबलं.

"उतरला इचू," भगत म्हणाला. "निजूंदे पोराला."

आईनं बोट दाबून विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाला. घाम कमी झाला होता. ओकारी थांबली होती. शेजारणी घरी गेल्या. भगताला नारळ दिला.

या एका तासापाशी मी अडखळतो. आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी एक हिशेब बसलेला आहे: दुखतंय म्हणजे आजार आहे, दुखायचं थांबलं म्हणजे आजार गेला. दाताला, पोटाला, मुरगळलेल्या पायाला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. लाल विंचवाच्या बाबतीत तो जवळजवळ उलटा आहे. ज्याला रात्रभर असह्य कळा येतात आणि बाकी काही होत नाही, तो सहसा वाचतो. ज्याची कळ लवकर विरते, पण घाम-ओकारी होऊन गेलेली असते आणि हातपाय गार पडतात, तो वाईट वाटेला लागलेला असतो.

आईनं बोट दाबलं. तिनं पाऊल धरून पाहिलं असतं तर ते तिला मेच्या रात्रीत माठासारखं गार लागलं असतं.

गार का? आता शरीरात ॲड्रिनलिन आणि त्याच्या भावंडांचा पूर आलेला आहे. त्यांच्यामुळे हातापायांतल्या, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्तदाब चढतो. नाडी पळते. शेतातल्या पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरावं आणि मोटार मात्र दुप्पट जोरानं चालवावी, तसं हृदयाचं होतं. पाणी पुढं जायला जागा नाही, मोटार थांबायला तयार नाही. शिवाय विषाचा आणि ॲड्रिनलिनचा मार खुद्द हृदयाच्या स्नायूलाही बसत असतो. कुठं ना कुठं पाइप फुगणार.

फुगतो तो मागच्या बाजूला. फुप्फुसात.

१२.३०

घर निजलेलं.

२.१० (साडेतीन तास)

खोकला. कोरडा, बारीक, थांबून थांबून. आईला वाटलं, उघड्यावर निजल्यानं सर्दी झाली. मग तिच्या लक्षात आलं, पोर उठून बसलंय. निजवलं की पुन्हा बसतंय. आडवं पडलं की दम लागतो. ओठांचा रंग चिमणीच्या उजेडात कळत नाही, पण नाकपुड्या फुलताहेत, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जातोय. हात धरला. गार.

बाप उठला. चार माणसं उठवली. घोंगडीची डोली केली. तालुक्याकडे जाणारी गाडी गावातच मुक्कामाला होती, पण ती सुटणार पावणेसहाला; ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर निजलेले. दवाखाना दोन डोंगर पलीकडे.

३.५०

दवाखान्यात डॉक्टर होते. हे मुद्दाम सांगितलं, कारण अशा गोष्टीत डॉक्टर नसणं फार सोपं कारण ठरतं. ते होते, झोपेतून उठून आले आणि त्या काळी जे करत ते सगळं त्यांनी केलं. बोटात बधिरतेचं इंजेक्शन दिलं. ॲलर्जीवरचं दिलं, स्टेरॉइड दिलं. घाम आणि लाळ बघून ॲट्रोपीन दिलं. हातपाय गार म्हणजे शॉक, म्हणून सलाइन लावलं.

एकेका औषधामागं तर्क होता. तो सगळा तर्क बोटावर आणि घामावर उभा होता. ॲट्रोपीननं घाम थांबतो, पण हृदयाला आवर घालणारी जी एक मज्जासंस्था उरलेली असते तीही गप्प होते, आणि ॲड्रिनलिनला मोकळं रान मिळतं. सलाइननं आधीच तुंबलेल्या फुप्फुसात आणखी पाणी येतं. गार पाय रक्त कमी झाल्यानंही पडतात आणि रक्तवाहिन्या आवळल्यानंही. बोटांना दोन्ही सारखेच लागतात. फरक सांगतो रक्तदाबाचा पट्टा. तो वेळेवर, पुन्हा पुन्हा दंडाला बांधला तर.

४.५० (पन्नास मिनिटं)

श्वासात घरघर. छातीला कान लावला तर पाणी उकळल्यासारखा आवाज. मग खोकल्याबरोबर फेस आला, गुलाबी. फुप्फुसाच्या फुग्यांत रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपलंय, त्यात थोडं रक्त आहे, आणि श्वासानं ते घुसळलं जातंय.

५.४०

उजाडत होतं.

आता काटे मागं फिरवू.

१९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचा जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, नागपुरात शिकलेला तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. विंचवाच्या डंखानं पोरं मरताना त्यांनी पाहिली, आणि त्यांनी जे केलं ते ऐकायला अगदी साधं आहे. ते रुग्णापाशी बसून राहिले. रक्तदाब किती, नाडी किती, हातपाय गार कधी पडले, घाम कधी सुरू झाला, खोकला केव्हा आला, हे सगळं वेळेसकट लिहीत गेले. एका रुग्णाचं, मग दुसऱ्याचं, मग पन्नासाव्याचं. कागद एकापुढं एक ठेवल्यावर जे दिसलं ते बोटाजवळ नव्हतंच. मरण येत होतं हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या वाटेनं, आणि येण्याआधी काही तास तशी वर्दी देत होतं.

१९८२ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख आला. तो कुठल्या औषधावर नव्हता. डंखानंतर हृदय बिघडणार आहे, हे आधी सांगणारी चिन्हं कोणती, एवढाच त्याचा विषय. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. औषध सापडण्याआधी एका माणसानं आजाराचं वेळापत्रक छापून आणलं. एकदा वेळापत्रक हातात आलं की औषध कुठं द्यायचं ते स्टेशनच दिसतं: ओकारी आणि घाम होऊन गेलाय, हात गार पडू लागलेत, फेस अजून दूर आहे. आमच्या घटनाक्रमातले अकरा.

त्या स्टेशनावर काय हवं होतं? आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं काहीतरी. पाइपाच्या तोंडावरचा अंगठा काढायचा. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते गुणकारी, पण भारी नाजूक. थेंब थेंब शिरेतून द्यायचं, उजेड लागू नये म्हणून बाटली काळ्या कागदात गुंडाळायची, दर थोड्या वेळानं रक्तदाब बघायचा. हात जरा चुकला तर रक्तदाब कोसळतो. खेड्यात रात्री दोनला हे कोण करणार? मग ते प्राझोसिनकडे वळले. रक्तदाबाच्या रुग्णांना द्यायची ही जुनी, स्वस्त गोळी. ॲड्रिनलिन ज्या कुलपात शिरून रक्तवाहिनी आवळतं, त्या अल्फा कुलपावर ही गोळी जाऊन बसते. १९८३ पासून त्यांनी ती दिली, आणि १९८६ मध्ये त्याबद्दलही 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीनं होत्या. बहुतेक लेखांवर दोघांची नावं आहेत. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत. तो आकडा एक ते तीनवर आला. सरकारनं २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री दिली, म्हणजे गोळीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. यावर मी काही बोलत नाही.

विंचवाच्या विषावरचं प्रतिविष पुढं आलं. महाडमध्ये सत्तर रुग्णांवर केलेली तुलना 'बीएमजे'नं २०११ मध्ये छापली. प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिलेल्या पस्तिसांपैकी बत्तीस दहा तासांत बरे झाले. नुसतं प्राझोसिन दिलेल्या पस्तिसांपैकी दहा तासांत आठच. बाकीच्यांना वेळ जास्त लागला. रात्र लांबते ती अशी.

आता तोच मुलगा, तीच पडवी, पंचवीस वर्षांनंतरचा मे.

रात्री ९.५०

घाम फुटला तेव्हा आईनं भगताला बोलावलं, आणि भावाला मोटारसायकल काढायलाही सांगितलं. दोन्ही केलं. गावात असंच असतं.

११.००

दवाखाना. दुखायचं थांबलंय, पोर शांत आहे. डॉक्टरांनी बोटाकडे एकदाच बघितलं आणि पावलं हातात धरली. गार, ओलसर. पट्टा बांधला: रक्तदाब चढलेला. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे बावीस किलोंना एका मिलिग्रॅमच्या गोळीचा दोन तृतीयांश तुकडा. पाण्यात विरघळवून पाजला. मग आईला बजावलं: आता पोराला उचलायचं नाही, खांद्यावर घ्यायचं नाही, बसवायचंही नाही, या गोळीनंतर उभं केलं की रक्तदाब एकदम खाली येतो. निजूनच राहू दे. घामानं गेलेलं पाणी घोट घोट पाज.

निजलेल्या आजारी पोराला कडेवर घ्यायचं नाही, हे आईला पाळायला सगळ्यात अवघड गेलं.

२.००

पावलं अजून गार. दुसरा डोस. पट्टा, नाडी, श्वास. सगळं वेळेसकट कागदावर. खोकला नाही.

५.००

तिसरा डोस. गुडघ्यापर्यंत ऊब आलीय, पावलं बाकी आहेत. बाप बाहेर बाकावर बिडी ओढतोय. मुक्कामाची गाडी सुटायला अजून पाऊण तास.

सकाळी ९.३०

पावलं कोरडी आणि कोमट. नाडी उतरलेली. पोरानं डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. बोट धरून. दुखतंय म्हणून, कळ काखेपर्यंत जातेय म्हणून, रात्री पावणेनऊला रडत होता तसाच.

आई घाबरून डॉक्टरांकडे धावली. डॉक्टरांनी कागदावर वेळ टाकली, पुढं लिहिलं, 'डंखाच्या जागी वेदना परत', आणि गोळी बंद केली.